ऊसतोडीच्या टोळीतलं सिकलसेलचं पोर: वडिलांना काय सांगायचं आणि आपण काय शिकायचं

प्रश्न असा आहे. वाळवा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राची सेवा करणारे तरुण डॉक्टर विचारतात: "ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला सात वर्षांचा मुलगा. मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यात. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा हातपाय दुखून आला. डोळे पिवळे, हिमोग्लोबिन ७.४, सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह. सिकलसेल मुळापासून बरा करणारं औषध निघाल्याची बातमी वडिलांनी मोबाईलवर दाखवली आणि ते इंजेक्शन कुठे मिळेल, असं विचारलं. मला या आजारावर एमबीबीएसला दोन पानांपलीकडे काही आलं नाही. हा आपल्या भागातला आजार नाही, असंच धरून चाललो होतो. वडिलांना काय सांगू? आणि मी स्वतः काय, कुठून शिकू?"

मी मिरजेत फिजिशियन आहे. शिक्षण संपल्यावरची पहिली सहा वर्षं विदर्भात काढली, तिथे ओपीडीत सिकलसेल नाही असा दिवस जात नसे. इकडे आल्यावर वाटलं होतं की तो अध्याय संपला. तो संपलेला नाही. दर वर्षी गळीत हंगाम सुरू झाला की दोन-चार नवे रुग्ण समोर येतातच, आणि त्यातले निम्मे तरी आधी दुसऱ्याच कुठल्या आजाराचं लेबल लावून आलेले असतात.

डॉक्टर, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला तो एकच वाटतो. बातमीत दिसणारा उपचार आणि या पोरापर्यंत खरोखर पोचू शकणारा उपचार यांच्यात मोठं अंतर आहे. ते अंतर औषधाच्या अभावामुळे फार थोडं आहे. आजार ओळखणारा, औषध सुरू करणारा आणि ते सुटू न देणारा शिकलेला माणूस मध्ये नाही, म्हणून ते जास्त आहे. त्यामुळे वडिलांना काय सांगायचं याचं उत्तर तुम्ही काय शिकता यावर बरंचसं ठरणार आहे.

काही गोष्टी इथून सांगता येणार नाहीत, त्या आधी बोलतो. हा मुलगा एसएस आहे (म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचा, एस, जनुक आलेला), की सिकल आणि बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) यांची जोडी आहे, हे अजून कळलेलं नाही. त्याची पाणथरी (प्लीहा) किती मोठी आहे, आधी रक्त चढलंय का, लसी कोणत्या झाल्यात, धाकटी भावंडं किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोळी अजून किती दिवस इथे आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

सोल्युबिलिटीची नळी मी शिकणाऱ्यांच्या हातात देऊनच दाखवतो. रिएजंटमध्ये रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे छापील ओळींचा कागद धरायचा. ओळी वाचता आल्या तर निगेटिव्ह. द्राव गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, कारण सिकलचं हिमोग्लोबिन त्या द्रावात विरघळत नाही. ही चाचणी स्वस्त आहे, झटपट आहे, पण ती एवढंच सांगते की रक्तात एस आहे. आजार आहे की माणूस नुसता वाहक (एसची एकच प्रत असलेला) आहे, हे तिला सांगता येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि हिमोग्लोबिन फार कमी असेल तेव्हा ती चुकून निगेटिव्हही येते. म्हणून एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, झाल्याशिवाय कागदावर "सिकलसेल आजार" असं लिहू नका. तुमच्या मुलाची लक्षणं आजाराचीच आहेत, तरीही लिहू नका.

एचपीएलसीसाठी रक्त घेण्याआधी एक प्रश्न नीट विचारा: गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढलंय का? चढलं असेल तर आलेखात रक्तदात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि एसएसचं पोर वाहक असल्यासारखं वाटतं. आणि "बाटली चढवली का" असं विचारू नका. टोळीतल्या माणसाला सलाईनही बाटली आणि रक्तही बाटली. "लाल पिशवी लावली होती का" असं विचारलंत की उत्तर बरोबर येतं. मी हे एका चुकलेल्या रिपोर्टनंतर शिकलो.

आई-वडिलांचे नमुनेही त्याच दिवशी घ्या. सिकल-बीटा थॅलेसेमियाचा एक प्रकार आलेखावर एसएससारखाच दिसतो. लाल पेशी लहान असणं आणि हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार वाढलेला असणं यावरून शंका येते, पण उलगडा होतो तो आई-वडिलांच्या रिपोर्टवरूनच. टोळी एकदा हलली की ते नमुने पुन्हा मिळत नाहीत.

आता बातमीकडे येतो. ती खोटी नाही. वडिलांना "असलं काही नसतं" म्हणून परत पाठवू नका. त्यांनी आशेने विचारलंय आणि त्यांच्या आशेला खरा आधार आहे. पण त्या बातमीचा अर्थ कळायला ७५ वर्षं मागे जावं लागेल.

१९४८मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या दिसतात, आणि वय वाढेल तशा त्या वाढतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, ज्याला आपण एफ म्हणतो, ते बाळाला राखतंय, असा त्यांनी अंदाज बांधला. तो खरा ठरला. एस हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात, त्यामुळे पेशी ताठ आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि तिथून कळ उठते. मध्ये एफचा रेणू आला की दोरा तुटतो. पुढच्या संशोधनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरला: जन्मानंतर बंद पडत जाणारं एफ पुन्हा सुरू कसं करायचं?

त्याचं पहिलं कामाचं उत्तर हायड्रॉक्सियुरिया. अमेरिका आणि कॅनडातल्या २१ केंद्रांवर २९९ प्रौढ रुग्णांत त्याची चाचणी झाली. १९९५मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तीव्र वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. १९९८मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली.

दुसरं उत्तर म्हणजे तुमच्या बातमीतली जनुक-उपचार पद्धत. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्परवर, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्रावर, आधारलेल्या कॅसजेव्हीला मान्यता दिली. ती काय करते? रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून त्यांच्यातलं एफ बंद करणारं बटण कापून टाकते. म्हणजे तुमच्या औषधाच्या कपाटात बसू शकणारी कॅप्सूल आणि जगातल्या सर्वांत महागड्या उपचारांपैकी एक, दोन्हींचा नेम एकाच ठिकाणी आहे. मला ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगावीशी वाटते, कारण ती कळली की हायड्रॉक्सियुरियाकडे "तात्पुरतं काहीतरी" म्हणून पाहणं थांबतं.

कॅसजेव्हीचे निकाल खरोखर मोठे आहेत: पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. पण ते इंजेक्शन नाही. आधी मूळपेशी गोळा करायच्या, त्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, मग केमोथेरपी देऊन हाडातला मगज रिकामा करायचा, संपादित पेशी परत द्यायच्या आणि मगज पुन्हा उभा राहीपर्यंत कित्येक आठवडे रुग्णालयात राहायचं. त्या केमोथेरपीने पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर, आणि तिथली मान्यता १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे.

आपल्या देशातही काम चालू आहे, आणि ते मनापासून आनंदाचं आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने क्रिस्परवर आधारलेली स्वदेशी पद्धत विकसित केली. नोव्हेंबर २०२५मध्ये ती "बिरसा १०१" या नावाने जाहीर झाली आणि पुढच्या विकासासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. किंमत आपल्या आवाक्यात आणणं हा त्यामागचा हेतू आहे. मात्र जाहीर होणं आणि नंदुरबारच्या पोराला मिळणं यांच्यात रुग्णांवरच्या चाचण्यांचा लांब टप्पा असतो. नव्या औषधांच्या बाबतीत आम्ही एक ठेच ताजी खाल्लीय: २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हॉक्सेलोटर २०२४मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून कंपनीने जगभरातून परत घेतलं. म्हणून मी कुठल्याही नव्या उपचाराबद्दल रुग्णाला तारीख देत नाही.

मुळापासून बरं करणारा, आज भारतात होणारा उपचार म्हणजे सख्ख्या भावंडाचा जुळणारा मगज घेऊन केलेलं प्रत्यारोपण. भावंड जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक. परदेशी नोंदींत अशा प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात आहेत. खर्च काही लाखांत जातो, केंद्रं मोठ्या शहरांत आहेत. टोळीबरोबर फिरणाऱ्या घराला ते सोपं नाही, पण अशक्य म्हणून दार बंदही करू नका. भावंडांची सिकल तपासणी आता करा, पुढचं पुढे.

वडिलांना मी साधारण असं सांगेन: "भाऊ, बातमी खरी आहे, पण ते औषध अजून तुमच्या पोराच्या वयाला आणि आपल्या भागाला पोचलेलं नाही. पोचेपर्यंत पोर धडधाकट ठेवायचं, हे आपलं काम. त्यासाठी एक कॅप्सूल आहे, रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. आजार जाणार नाही, पण कळा कमी होतील, रक्त टिकेल. अधूनमधून रक्त तपासावं लागेल. इथून गेलात तरी सोडायची नाही." एवढं बोलून थांबा आणि त्यांना विचारू द्या. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "पोरगं जगंल का?" हा. त्याचं उत्तर खरं द्या: औषध, लसी आणि तापाकडे लक्ष असेल तर ही मुलं मोठी होतात, शाळा शिकतात, संसार करतात. माझ्याकडे विदर्भातल्या काळातले दोघे जण अजून फोन करतात, दोघांनाही मुलं आहेत.

आता त्या कॅप्सूलबद्दल जरा सविस्तर, कारण शिकायची खरी गोष्ट ही आहे. हायड्रॉक्सियुरियाची डॉक्टरांना वाटणारी भीती रुग्णांच्या भीतीपेक्षा जास्त असते. कॅन्सरचं औषध, पांढऱ्या पेशी पडतील, खेड्यात कोण बघणार. हीच शंका आफ्रिकेबद्दल होती, वर मलेरियाची भर. मग अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत सहाशेहून थोड्या जास्त मुलांना ठरावीक पद्धतीने मात्रा वाढवत हे औषध दिलं गेलं. निष्कर्ष २०१९च्या सुरुवातीला छापून आले: वेदनेचे झटके कमी, रक्त चढवणं कमी, मृत्यू कमी, आणि ज्याची धास्ती होती तो मलेरियाही कमी. काँगोतल्या दवाखान्यात जे जमलं ते वाळव्यात जमेल. तिथेही औषध तेच होतं. शिकवलेली माणसं आणि ठरलेलं वेळापत्रक, ही भर होती.

सुरू करायचा निर्णय बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनच्या सल्ल्याने घ्या. वजन अचूक घ्या, चपला काढून. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), किडनी आणि यकृताच्या चाचण्या. आपल्याकडे किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करणारे बरेच जण आहेत, मीही त्यातला. परदेशी पद्धत १५ ते २० मिलिग्रॅमची आहे. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत एफ मुळात जास्त असल्याने कमी मात्रेतही चांगला गुण येतो, असा माझा अनुभव आहे. पण कमीवर सुरू करून तिथेच विसरून जाणं चुकीचं. दोन आठवड्यांनी सीबीसी, मग महिन्याने, स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,०००च्या किंवा प्लेटलेट ८०,०००च्या खाली गेल्या तर औषध थांबवायचं, आकडे सावरले की कमी मात्रेवर परत सुरू करायचं. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून कॅप्सूल सुटते.

एक व्यवहारातली अडचण तुम्हाला लगेच येईल. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि पोर १६-१७ किलोचं. काही केंद्रांत कॅप्सूल मोजक्या पाण्यात विरघळवून सिरिंजने मात्रा देतात, काही जण लहान मात्रेच्या कॅप्सूल मागवतात, काही आठवड्याची बेरीज करून ठरावीक दिवशी देतात. तुमच्या भागात काय मिळतं त्यावर ठरवा, पण पद्धत एकदा ठरली की घरच्यांकडून तुमच्यासमोर करून घ्या. घरातल्या गरोदर बाईने ती कॅप्सूल उघडायची नाही, हेही सांगा. सिकलसेल कार्यक्रमाखाली हे औषध मोफत द्यायची तरतूद आहे. मात्र ज्या जिल्ह्यात रुग्ण नोंदलेलेच नाहीत तिथे साठा हाताशी नसणार, म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत लेखी मागणी करा, तोंडी नको.

बरोबर फॉलिक ॲसिड. लोहाच्या गोळ्या मात्र सवयीने देऊ नका. हिमोग्लोबिन ७.४ दिसलं की हात आपोआप लोहाकडे जातो. पण या मुलांत रक्त फुटतं म्हणून कमी असतं, लोहाची कमतरता सिद्ध झाली तरच लोह. न्यूमोकोकसची लस पाहा: सरकारी लसीकरणात ती देशभर २०२१मध्ये आली, म्हणून या वयाच्या मुलाला मिळालेली नसण्याची शक्यता मोठी. आणि ताप. १०१ फॅरनहाइटच्या वरचा ताप असेल तर या पोराला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचं नाही. रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच, मग वरच्या रुग्णालयात. खोकला, छातीत दुखणं आणि ताप एकत्र आले तर साधा न्यूमोनिया समजून गाफील राहू नका.

वेदनेबद्दल एकच सांगतो. सिकलची कळ खोटी नसते. चेहऱ्यावर काही दिसत नाही, एक्स-रे चांगला असतो, म्हणून या रुग्णांना नाटकी किंवा इंजेक्शनची सवय लागलेला ठरवताना मी पाहिलंय. पोर रडत नाही कारण रडून काही होत नाही हे ते शिकलेलं असतं. वेदनाशामक पहिल्या अर्ध्या तासात द्या, पुरेशा मात्रेत द्या, अंग ऊबदार ठेवा, तोंडाने पाणी चालू ठेवा. आणि कळ कशाने उठली ते विचारा. फडात कोयता पहाटे चारला चालू होतो, डिसेंबरची थंडी, दहिवराने ओला पाला, आई-बाप फडात आणि पोर पाचटाच्या खोपीत किंवा बांधावर. दुपारी ऊन, पाणी लांब. थंडी आणि पाणी कमी पडणं, दोन्ही एकाच दिवसात. मुकादमाशी बोलून या पोराच्या खोपीला एक जाड घोंगडी आणि पाण्याची कळशी वेगळी मिळवून दिलीत, तर तेही उपचारातच मोजा.

मिरजेत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक मुलगी आली होती, १५ वर्षांची, वीटभट्टीवरच्या कुटुंबातली, मूळची धुळ्याकडची. लंगडत होती. दुसऱ्या एका रुग्णालयातून आठ महिने टीबीची औषधं चालू होती, खुब्याचा टीबी म्हणून. दोनदा रक्त चढलेलं, दोन्ही केसपेपरवर नुसतं "ॲनिमिया". विदर्भातून आलेला असूनही पहिल्या दिवशी मी ती जाड फाईल पाहून टीबीच धरला. रात्री एक्स-रे पुन्हा हातात घेतला तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा चपटा झालेला दिसला, रक्तपुरवठा तुटून मेलेला. सकाळी सिकलची चाचणी केली, पॉझिटिव्ह. तोवर तो सांधा गेला होता. आठ महिन्यांत कोणीही पाच मिनिटांची नळी लावली नव्हती, आणि मीही एक दिवस उशीर केला. तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, मी आसपासच्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना, लॅबवाल्यांना आणि आशाताईंना अर्धा दिवस बसवतो.

त्या अर्ध्या दिवसात भाषण कमी असतं. नळी आणि ओळींचा कागद प्रत्येकाने हाताळायचा. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची; एकदा विळ्याच्या आकाराची पेशी डोळ्यांनी पाहिली की ती विसरत नाही. तिसरी गोष्ट पाणथरी तपासणं. आपल्याकडच्या या मुलांत पाणथरी बऱ्याच मोठ्या वयापर्यंत टिकते, आणि कधी अचानक तीत रक्त साचून पोर काही तासांत पांढरं पडतं. म्हणून आईला ती चाचपायला शिकवायची. मी सुताचा दोरा वापरतो: डाव्या बरगडीच्या कडेपासून पाणथरीच्या टोकापर्यंत दोरा धरायचा आणि तिथे गाठ मारायची. दोरा आईकडे. दर रविवारी मोजायचं, गाठीच्या पुढे गेली आणि पोर मलूल असेल तर त्याच घटकेला दवाखाना. पावरा समाजातली एक आई तो दोरा मंगळसूत्राला गुंडाळून ठेवायची. तिने एकदा रात्री अकराला पोराला आणलं आणि तिचा अंदाज बरोबर होता.

तुम्ही कुठून शिकाल? मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरशास्त्र संस्था आहे, एनआयआयएच म्हणतात ती. हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं देशातलं मोठं काम तिथे झालं, आणि तिचं चंद्रपूरला याच आजारांसाठी केंद्र आहे. तुमच्या लॅब टेक्निशियनला एचपीएलसीचे आलेख वाचायला शिकायचे असतील तर तिथे पत्र टाका. स्वतःसाठी मात्र मी दुसरं सुचवेन: रजा टाकून दोन आठवडे नागपूरच्या एखाद्या सिकलसेल ओपीडीत नुसते बसा. ऑनलाइन धडे माहितीला चांगले आहेत, पण औषध कमी करायचं की वाढवायचं हे शंभर केसपेपर पाहूनच हातात बसतं. नागपुरात डॉक्टरांइतकंच रुग्णांच्या घरच्यांनी हे काम उभं केलंय. संपत रामटेके यांना त्यासाठी २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या पालकांशी बोला, समुपदेशन कसं करायचं हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही.

"आपल्या भागातला आजार नाही" याबद्दल. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२मध्ये. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीतल्या आदिवासींत सापडला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतूनही नोंद आली, आणि ते मजूर आसामचे नव्हते. बिहार-ओडिशाकडून कामाला आणलेले होते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद १९५८मध्ये केली. म्हणजे नोंदींच्या पहिल्याच वर्षापासून हा आजार मजुरांबरोबर चालतोय. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण धडगाव-शहाद्याकडचं पोर वर्षातले पाच महिने वाळवा, पलूस, कराडच्या फडांत असतं. तपासणीचं पथक गावात येतं तेव्हा खोपीत कोणी नसतं, इथे येतं तेव्हा आपल्या यादीत आजारच नसतो. त्या पाच महिन्यांची जबाबदारी आपली आहे.

तुम्हाला पुढे संशोधनात रस असेल तर विषय शोधायला लांब जाऊ नका. टोळ्यांतल्या किती मुलांत सिकल निघतो, कितींना औषध सुरू झालं, आणि पुढच्या हंगामात ती परत आली तेव्हा कितींचं चालू होतं? साधी वही, तीन रकाने, चार हंगाम. औषध का सुटलं याची कारणं त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच या वहीची गरज आहे, कारण उद्या जनुक-उपचार स्वस्त झाला तरी तो याच वाटेने जाणार आहे.

औषध सुटू नये म्हणून मी काय करतो ते सांगतो. एचपीएलसीचा रिपोर्ट लॅमिनेट करून देतो. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मराठीत: सिकलसेल आहे, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, इतकी मात्रा, लोह देऊ नये, ताप आल्यास लगेच दाखल करावे, आणि माझा फोन. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगतो, कारण ती पिशवी कधीच हरवत नाही. टोळी निघायच्या आधी दोन महिन्यांच्या कॅप्सूल बरोबर, आणि त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राला माझा स्वतःचा फोन. मुकादमालाही सांगतो, पण पोराच्या घरच्यांना विचारून. काही जणांना टोळीत कळायला नको असतं, कारण "यांच्या रक्तातच दोष" असं बोलणारे असतात.

त्या बोलण्याबद्दल आपणही जपून असायला हवं. "कोणत्या जातीत होतो हा?" असं मला इथले शिकलेले लोक विचारतात. उत्तर असं की जिथे शेकडो पिढ्या मलेरिया होता तिथे हा जनुक टिकला, कारण एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरिया कमी मारतो. त्यात कोणाचा दोष नाही. मुलाच्या आईला तर हे आवर्जून सांगा. पोराचं दुखणं तिच्या माथी मारलं जातं. दोष असता तरी तो दोघांकडून अर्धा-अर्धा आला असता, हे वडिलांसमोर सांगा. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. "एकाला झाला, आता पुढच्या तिघांना होणार नाही" असा हिशेब लोक करतात, तो मोडून काढा. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. पुढचं मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते. ती करायची की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. आपण फक्त वेळेत सांगायचं.

आणखी एक: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. निदान पक्कं झालं की प्रमाणपत्रासाठी अर्ज त्यांच्या मूळ जिल्ह्यातून करायला सांगा आणि त्याला लागणारे रिपोर्ट तुम्ही द्या. एसटीच्या प्रवास सवलतीलाही ते कागद लागतात.

आता या आठवड्याचं. मुलगा आला की आधी वजन आणि पाणथरी. मग त्याचे, आई-वडिलांचे आणि बरोबर असलेल्या भावंडांचे नमुने एकाच दिवशी. हे फड संपायच्या आत व्हायला हवं, म्हणून मुकादमाला टोळी कधी हलणार ती तारीख विचारून केसपेपरवर लिहून ठेवा. एचपीएलसीचा आलेख आला की नाव झाकून इथेच टाका. मी रात्री दहानंतर पाहतो, त्याच दिवशी उत्तर देईन.